शनिवारचं लाकूड

रव्याची पिशवी आणि कढीपत्त्याची जुडी हातात घेऊन पुरुषोत्तम क्राइस्टचर्चमधल्या रिकार्टनच्या इंडियन दुकानात रांगेत उभा होता, आणि त्याला त्यानं स्वतः केलेली काठी दिसली. कुणीतरी ती तांदळाच्या पोत्यांना टेकवून ठेवली होती. त्याला ती ओळखू आली, पण विश्वास बसला नाही. ओळखीचं माणूस भलत्याच गावाच्या स्टँडवर दिसावं तसं झालं. सायीच्या रंगाचं फिकट लाकूड, आणि त्यात मुठीपासून खालपर्यंत उतरत गेलेले लालसर तपकिरी हिरे, पत्त्यांतल्या चौकटीसारखे, पण एकही दुसऱ्यासारखा नाही. मुठीच्या जरा खाली एका हिऱ्याची कड तुटलेली होती. तिथे सुरी सटकली होती आणि त्याच्या अंगठ्यात गेली होती. अंगठ्यावरचा व्रण अजून थंडीत ठणकायचा. शंका घ्यायला जागाच नव्हती. पण ती काठी इथे असायचं कारण नव्हतं. ती घेऊन त्याची आई दीड वर्षापूर्वी कराडला परत गेली होती, त्याच्या बहिणीकडे, दमयंतीकडे. गेल्याच रविवारी फोनवर नेहमीप्रमाणे त्यानं पहिलं तेच विचारलं होतं, "काठी वापरतेस ना?" आणि आई म्हणाली होती, "हो रे, तिच्याशिवाय पाऊल टाकत नाही."

विटक्या निळ्या विंडचीटरमधली एक उंच, म्हातारी गोरी बाई काउंटरवरची चिक्कीची पुडकी पिशवीत टाकून वळली, तिनं सहज हात लांब करून काठी घेतली, दुकानदाराला "सी यू, लव" म्हणाली आणि बाहेर पडली. पुरुषोत्तमनं रवा आणि कढीपत्ता जवळच्या शेल्फवर ठेवला. बाहेर नॉर्वेस्टर सुटला होता, डोंगरापलीकडून येणारा तो कोरडा, गरम वारा, ज्यात या गावातली माणसं विनाकारण एकमेकांवर चिडतात. बाई फार लांब गेली नव्हती. ती बस स्टॉपच्या बाकावर बसली होती आणि काठी तिनं दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उभी धरली होती. तिच्यापासून काही पावलांवर, एका बंद बँकेच्या दाराशी तो थांबला. पुढे जाऊन काय बोलायचं हे त्याला सुचेना. ही काठी माझी आहे, म्हणायचं? ती त्याची नव्हती. माझ्या आईची आहे, म्हणायचं? मग आई रोज कराडात काय हातात घेऊन चालते?

आई म्हणजे कराडच्या सरकारी दवाखान्यातली शांता सिस्टर. अख्खा जन्म वॉर्डात चालण्यात गेलेला. तिच्या चपलांचा आवाज ऐकून खाटांवरची माणसं सरळ बसायची, आणि लहानपणी शाळा सुटल्यावर दवाखान्याच्या पायरीवर तिची वाट बघत बसलेल्या पुरूला तो आवाज शंभर आवाजांतून कळायचा. वडील गेल्यावर त्यानं तिला क्राइस्टचर्चला आणलं ते कायमचं म्हणून. खटपट करून, आनंदानं. ऑफिसातल्या लोकांना सांगितलं, माय मम इज कमिंग टू लिव्ह विथ अस, आणि त्यांच्या तोंडावर जे कौतुक उमटलं ते त्याला आवडलं. पहिल्याच हिवाळ्यात एका सकाळी मागच्या पायरीवर दहिवर गोठलं होतं, आई कपडे वाळत घालायला गेली आणि घसरली. लागलं काहीच नाही. ती हसतच उठली, परकर झटकला, म्हणाली, "इथली जमीनसुद्धा काचेची आहे." पण पुरुषोत्तमनं ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं होतं, आणि त्याच क्षणी त्याच्या मनात आई म्हातारी झाली. आता तिथे बँकेच्या दाराशी उभं राहून त्याला वाटलं, ती त्या दिवशी म्हातारी झाली नव्हती. आपण तिला केलं.

कुंपणापलीकडे वॉल्टर राहायचा. कॅनडातला, अल्बर्टाचा; भूगोलाचा निवृत्त मास्तर. बोलायला लागला की थांबायचा नाही आणि त्यातलं निम्मं चुकीचं असायचं. त्यानं पायरीची हकिगत ऐकली आणि घरातून स्वतःची काठी आणून दाखवली. डायमंड विलो. त्याच्या देशात नदीकाठच्या विलोंना एक बुरशी लागते. बारकी फांदी जिथे खोडाला मिळते तिथून ती शिरते, तेवढा भाग मरतो, आणि झाड त्या मेलेल्या जागेला वळसा घालून वाढत राहतं. सालीवर नुसता खोलगट व्रण दिसतो. साल काढली, कडा कोरल्या, की आतून हा हिरा निघतो. "हिरा म्हणजे झाडाचं दुखणं," वॉल्टर खूश होऊन म्हणाला. न्यूझीलंडात असलं काही सापडणार नाही, हेही त्यानं ठामपणे सांगितलं. आणि मग त्याच हिवाळ्यात दोघांनी ते वायमाकारिरी नदीच्या पात्रात शोधून काढलं.

ते शोधणं पुरुषोत्तमला अजून अंगभर आठवत होतं. शनिवारी सकाळी गमबूट घालून निघायचं. नदी म्हणजे गोट्यांचं मैलभर रुंद मैदान आणि त्यातून वेण्यांसारखे गुंतलेले पाण्याचे प्रवाह, हिमासारखे गार. कडेला विलोंचं रान. कुणीतरी कधीतरी बांध टिकावा म्हणून लावलेली आणि मग हाताबाहेर गेलेली झाडं. त्यात शिरायचं, वाकून, फांद्यांचे फटकारे खात, आणि एकेका खोडावरून हातमोजा काढून बोटं फिरवायची. डोळ्यांना चुकतं ते बोटांना सापडायचं. सालीत एक खळगा लागला की काळजात काहीतरी हलायचं. आठवडाभर पडद्यावर वीज कंपनीच्या बिलांचे प्रोग्रॅम दुरुस्त करणाऱ्या माणसाला त्या खळग्यात काय मिळत होतं हे त्यानं कधी तपासलं नाही. तपासायची गरजच नव्हती. कुणी विचारलं तर उत्तर तयार होतं, आईसाठी काठी करतोय. त्या उत्तरापुढे सगळ्यांची तोंडं बंद व्हायची. त्याची बायको मृदुला शनिवारच्या कामांची यादी घेऊन समोर यायची आणि "आईसाठी" म्हटलं की मुकाट्यानं गाडीची किल्ली घेऊन एकटीच निघायची. आईसुद्धा काही बोलत नसे. ती त्याला थर्मासमध्ये चहा भरून द्यायची आणि दारात उभी राहायची.

कापून आणलेलं लाकूड गॅरेजच्या आढ्याला टांगून वाळवावं लागतं, नाहीतर तडकतं. वाळल्यावर मग साल. दोन मुठींची सुरी अंगाकडे ओढत साल काढायची, हिऱ्यांच्या आतली मात्र बारक्या पात्यानं, नखानं खपली काढावी तशी. पहिल्यांदा साल निघाली तेव्हा कडवट ओला वास गॅरेजभर पसरला आणि दारात येऊन आई म्हणाली, "अरे, हे तर वाळुंज! आपल्या कृष्णेच्या काठाला केवढी आहेत." तिनं जमिनीवरची एक साल उचलली, नाकाशी नेली, दाताखाली धरून पाहिली. "ॲस्पिरिन. गोळी चघळल्यासारखं लागतं. याच्याच सालीतून आधी काढत होते म्हणे, आम्हाला ट्रेनिंगला शिकवलं होतं." ती रंगाची रिकामी बादली उलटी घालून तिच्यावर बसली. खूप काही विचारायला लागली. हे लाल का, ते पांढरं का, झाडाला दुखत असेल का रे. त्यानं दोन-तीन उत्तरं दिली. तोवर पॉलिश पेपर चालवायला घेतला होता, पिठासारखी धूळ उडत होती, आईला ठसका लागला. तो म्हणाला, "आई, धूळ आहे, थंडी आहे. तू आत जा बरं." ती म्हणाली, "मी बसते की. मला काय होतंय." तो म्हणाला, "नको. छातीत कफ होईल." ती उठली. बादली पुन्हा होती तशी भिंतीला लावून ठेवली आणि गेली. दार ओढून घेतलं, घरातली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून.

त्यात वाईट काय होतं? कुणीही हेच म्हणालं असतं. बँकेच्या दाराशी उभ्या पुरुषोत्तमनं ते वाक्य पुन्हा मनात म्हणून पाहिलं. तू आत जा बरं. शब्दांत काळजीच होती. पण दार लागल्यावर आपल्याला जे वाटलं होतं ते आज त्याला स्वच्छ आठवलं. बरं वाटलं होतं. सुटल्यासारखं. आई समोर बसली की तिच्या बोलण्यातून वडिलांचं शेवटचं आजारपण निघायचं, शेवटच्या दिवशी तो पोचला नव्हता ते निघायचं. तू का आला नाहीस, असं ती कधी विचारायची नाही, पण विचारेल असं सारखं वाटायचं. लाकूड काही बोलत नव्हतं. लाकडावर प्रेम करता येत होतं, आणि ते आईच्या नावावर जमा होत होतं.

"यू ऑल राइट, लव?" बाकावरची बाई त्याच्याकडेच बघत होती. तो किती वेळ तिच्या हाताकडे टक लावून उभा होता कोण जाणे. तो पुढे गेला. म्हणाला, माफ करा, ही काठी तुम्हाला कुठे मिळाली? बाईनं काठी जरा जवळ ओढली. "मैत्रिणीनं दिली." मग त्याचा चेहरा नीट पाहिला, आणि तिच्या सगळ्या सुरकुत्या एकदम उजळल्या. "थांब. तू शांताचा मुलगा. तू पुरू! नाक तेच आहे." तिनं बाकावर थापटलं. "बस की. मी नोएलीन. तिनं सांगितलं असेल ना माझ्याबद्दल?"

"हो," पुरुषोत्तम खोटं बोलला आणि बसला.

नोएलीनला बोलायला माणूस हवंच होतं. आई दर शनिवारी बसनं रिकार्टनला यायची हे त्याला माहीत होतं. भाजी बघायला जाते, म्हणायची. तेवढाच तिला विरंगुळा, असं तो मृदुलाला म्हणायचा. ती भाजी कधीच फारशी आणत नव्हती हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. याच बाकावर दोघींची ओळख झाली. नोएलीनच्या पायाला जखम होती, भरत नव्हती, आणि तिनं घरच्या घरी काहीतरी गुंडाळलं होतं. "तुझी आई शेजारी येऊन बसली, माझ्या पायाकडे बघितलं, आणि मला अशी रागावली! एक शब्द कळला नाही आधी. मग म्हणाली, मी, सिस्टर. थर्टी फोर इयर्स. आणि पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला, इथे, भर रस्त्यात. समोरच्या केमिस्टकडून बँडेज आणायला लावलं मला लंगडत, आणि कसं बांधायचं ते दाखवलं. खालून वर, खालून वर." ती हसत होती. "मग दर शनिवारी. ड्रेसिंग बघायची, आणि मग मला चालवायची. त्या ओकच्या झाडांपर्यंत जायचं नि परत. माझा हात असा काखेत धरायची. मी थांबले की म्हणायची, वॉक, वॉक, नो ड्रामा."

पुरुषोत्तमलाही हसू आलं. ते वाक्य वॉर्डातलं होतं, मराठीत असायचं तेव्हा, चला चला, नाटक नको. कित्येक वर्षांत ते त्यानं ऐकलं नव्हतं. त्याच्या घरात आई ते कधी बोललीच नव्हती. त्याच्या घरात ती हळू बोलायची, हळू चालायची.

"आणि काठी?" त्यानं विचारलं.

"ती जायच्या आधीच्या शनिवारी घेऊन आली. म्हणाली, आता मी नाही, मग हिला धर." नोएलीननं काठीवरून तळवा फिरवला. "मी नको म्हणत होते. एवढी सुंदर वस्तू! मी म्हटलं, तुझ्या मुलानं केलीय, त्याला काय वाटेल? ती म्हणाली, त्याला सांगणार नाही, सामानाबरोबर बांधून टाकली म्हणेन. म्हणाली, मला चालता येतं. आणि म्हणाली, सांभाळून वापर, माझ्या मुलाचे सगळे शनिवार यात आहेत." नोएलीन त्याच्याकडे कौतुकानं बघत होती. "आमच्या मुलांना नाही जमायचं बाबा. यू मस्ट लव्ह हर हीप्स."

रस्त्यावरून वाऱ्याबरोबर कागद, पानं, धूळ वाहत गेली. पुरुषोत्तमनं हात पुढे केला, आणि नोएलीननं काठी त्याच्या हातात दिली. लाकूड कोरडं पडलं होतं. मुठीपाशी मात्र हाताच्या वापरानं एक वेगळीच मऊ झिलई आली होती, कुठल्याही पॉलिश पेपरनं येत नाही तशी. तो तुटक्या कडेचा हिरा अंगठ्यानं चाचपत राहिला. खालचं रबरी टोपण झिजलं होतं, एका बाजूनं जास्त. "जवसाचं तेल लावायला हवं," तो म्हणाला. "तडा जाईल नाहीतर. मी घेऊन जातो, लावून आणून देतो पुढच्या शनिवारी."

"स्वीट ॲज," नोएलीन इथल्या पद्धतीनं 'छानच' म्हणाली, मग हसली. "पण मग मी घरी कशी जाऊ, लव?"

तो इतका ओशाळला की काठी जवळजवळ तिच्या अंगावर ढकलून उठलाच. तेवढ्यात बस आली. ड्रायव्हरनं तिच्यासाठी बसची दाराकडची बाजू खाली झुकवली, ती चढली, काचेतून काठी उंचावून तिनं निरोप घेतला. बस सिग्नल ओलांडून गेल्यावर पुरुषोत्तमला आठवलं, आपली गाडी दुकानामागेच उभी होती. तिला घरी सोडता आलं असतं.

घरी मृदुला ओट्याशी भाजी चिरत होती. रवा कुठे आहे, असं तिनं विचारलं. त्यानं एका दमात सगळं सांगितलं. ती चिरायची थांबली नाही. म्हणाली, "मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"आई जायच्या आधीपासून. त्यांनी मला सांगितलं होतं. म्हणाल्या, पुरूला बोलू नकोस, त्याला वाटेल मला आवडली नाही."

"आणि दर रविवारी मी तिला फोनवर विचारतोय..."

"मी काय सांगू, पुरू? तू त्यांना तेवढंच विचारायचास." हे ती रागानं म्हणाली नाही, म्हणून त्याला जास्त लागलं. टेबलापाशी चित्र रंगवत बसलेली श्रिया मान वर न करता म्हणाली, "आजी वॉज सो फास्ट, बाबा. शी बीट मी टू द डेअरी, लाइक, एव्हरी टाइम." कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत आजी आणि नात शर्यत लावायच्या, हेही त्याला माहीत नव्हतं. ते दोघींनी कधी केलं असेल? अर्थात तेव्हाच, तो गॅरेजमध्ये असताना.

तो फोन घेऊन मागच्या पायरीवर जाऊन बसला. तिकडे सकाळचे साडेसात-आठ झाले असतील. काय बोलायचं ते त्यानं दोनदा मनात जुळवलं आणि दोन्ही वेळा ते त्याला एखाद्या भाषणासारखं वाटलं. आईनं माझ्याशी खोटं बोलावं, आणि दीड वर्ष नेमानं बोलत राहावं, असा मी कोण होतो? शांता सिस्टर मोठ्या डॉक्टरांशीही खोटं बोलत नसे. चूक झाली तर झाली म्हणायची. खोटं ती फक्त एकाच जातीच्या माणसांशी बोलायची, ज्यांना खरं झेपणार नाही असं तिला वाटायचं त्यांच्याशी. आज बरे दिसताय हं, असं ती त्यांना म्हणायची.

दमयंतीनं फोन उचलला आणि आईला हाक मारली. मग चपलांचा आवाज आला, फरशीवरून, भरभर, लांबून जवळ येत. पुरुषोत्तमनं फोन कानाशी घट्ट धरला.

"पुरू? आज शनिवारी कसा काय? सगळे बरे आहेत ना?"

"बरे आहेत," तो म्हणाला. "आई, आज मला नोएलीन भेटली."

आई अगदी हळू म्हणाली, त्याच्या घरात असायची त्या आवाजात, "तुला राग आला का रे?"

आईला आपली भीती वाटते. त्याच्या लक्षात आलं आणि त्याला एकदम थंडी भरल्यासारखं झालं, त्या गरम वाऱ्यातही. "नाही," तो म्हणाला. "नाही, आई. बरं केलंस तू. आई, मी ते शनिवार..."

"ते राहू दे आता." तिनं ते मधेच कापलं, आणि कापताना तिचा आवाज बदलला, पाठीत सरळ झाला. "मला एक सांग. तिचा पाय कसा आहे?"

"पाय?"

"डावा. घोट्याच्या वर, आतल्या बाजूला. भरत आली होती जखम, पण तिथली कातडी फार पातळ झालेली. सूज होती का? बँडेज बांधलं होतं का नीट, की पुन्हा आपलं तेच फडकं? बूट घातले होते की सपाता? बूट चढत असले तर सूज कमी म्हणायची."

पुरुषोत्तमनं डोळे मिटले. काठी त्याला सबंध दिसली. कोरडं पडलेलं लाकूड, एकेक हिरा, मुठीपाशी आलेली झिलई, एका बाजूनं झिजलेलं रबर, आणि त्या रबराखालची फुटपाथची फरशीसुद्धा. विंडचीटर दिसला. सुरकुत्या दिसल्या. काठीच्या शेजारी, तिथेच, एवढा वेळ त्याच्यासमोर असलेल्या जागी, काहीच दिसेना. ती झगा घालून होती की पँट, हेही त्याला सांगता आलं नसतं.

"पुरू? आहेस ना?"

"मी बघितलाच नाही, आई."

त्याला वाटलं, आता ती काहीतरी बोलेल, जे ती इतकी वर्षं बोलली नव्हती ते.

"असू दे," ती म्हणाली. वॉर्डात नव्या आलेल्या, पेशंट सोडून भलतीकडेच बघत राहणाऱ्या पोरींना ती ज्या आवाजात सांगायची, त्याच आवाजात. "पुढच्या शनिवारी जा. तिच्या शेजारी बस, पाय वर घ्यायला सांग. बोटानं दाबून बघ, खड्डा पडतो का, आणि पडला तर किती वेळात भरतो. मग मला फोन कर."

"हो," पुरुषोत्तम म्हणाला.